समुद्रकिनाऱ्यावरचा कचरा उचलण्याआधी मोजायचा कसा

स्वच्छता मोहीम झाली की 'इतके टन कचरा उचलला' अशी बातमी येते. त्या टनांत ओली वाळू किती, जाळी किती, बाटल्या किती, हे कुणालाच सांगता येत नाही. मग पुढच्या वर्षी तुलना कशाशी करणार? पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२२ मध्ये 'स्वच्छ सागर, सुरक्षित सागर' मोहीम ७५ किनाऱ्यांवर ७५ दिवस चालवली आणि १७ सप्टेंबरला मोठी सफाई केली. याच मंत्रालयाचं चेन्नईतलं राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्र किनाऱ्यावरच्या कचऱ्याचा अभ्यास करतं. गावातल्या मंडळाला किंवा कॉलेजच्या एनएसएसला मोजणी सुरू करायची असेल, तर अमेरिकेच्या नोआ या सरकारी संस्थेची १०० मीटरची पद्धत सगळ्यात सोपी आहे. महागडी उपकरणं लागत नाहीत.

जागा. पाण्याला समांतर १०० मीटर सलग पुळण निवडा. जेट्टी, बंधारा जवळ नको, कारण त्यांच्या आडोशाला कचरा अडतो. ज्या किनाऱ्यावर नगरपालिका रोज झाडू मारते तोही नको. तिथे सफाई कामगार किती आले एवढंच मोजलं जाईल. चारही कोपऱ्यांचं स्थान मोबाइलच्या जीपीएसवर टिपा, शिवाय सुरूचं झाड, विजेचा खांब अशा पक्क्या खुणाही लिहून ठेवा. खुंट्या महिनाभर टिकत नाहीत.

दिवस. नोआच्या पद्धतीत दर २८ दिवसांनी मोजणी होते, ३ दिवस मागेपुढे चालतात. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा असल्याने तिथी धरली तर मोजण्यांमधलं अंतर आणि भरती-ओहोटीची वेळ दोन्ही जमतं: समजा, अमावस्येनंतरचा दुसरा दिवस. त्या सुमारास उधाण असतं, ओहोटी लांबवर जाते. मुंबई-रायगडकडे उधाणाच्या दिवसांत भरती दुपारी बाराच्या आसपास आणि ओहोटी सकाळी सहाच्या सुमारास येते, म्हणजे उन्हाआधी काम उरकतं. भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या सुमारास, भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा) ओहोटी ऐन दुपारी येते आणि पट्टाही अरुंद मिळतो. एकदा उधाण, एकदा भांग असं केलंत तर आकड्यांतला फरक कचऱ्याचा की भरतीचा, हे सांगता येणार नाही.

फक्त सप्टेंबरमध्ये मोजणं तर हमखास फसवतं. नैर्ऋत्य मोसमी वारे चार महिने समुद्रातला कचरा कोकणच्या काठावर लोटत असतात. सप्टेंबरचा आकडा जानेवारीशी ताडून 'कचरा घटला' म्हणणं साफ चूक आहे. सप्टेंबरची तुलना पुढच्या सप्टेंबरशीच करा. पावसाळ्यात लाटा अंगावर येण्याजोग्या असतील तर ती फेरी सरळ वगळा आणि वहीत तसं लिहा.

मोजणी. सामान: ५० मीटरचा टेप, नायलॉनची दोरी, आठ खुंट्या, कागदाचा तक्ता, पेन्सिल (पेनाची शाई ओलीत फिसकटते) आणि जाड हातमोजे.

१०० मीटरचे ५-५ मीटरचे २० पट्टे पाडून त्यांना क्रमांक द्या. चिठ्ठ्या टाकून चार काढा. आपल्या मनाने निवडू नका. नजर आपोआप जास्त घाण पट्ट्याकडे जाते. प्रत्येक पट्टा ओहोटीच्या पाण्यापासून मागे झाडी किंवा भिंत लागते तिथपर्यंत मोजायचा. भरतीच्या रेषेवर कचरा दाट दिसतो म्हणून तिथेच थांबतात. पण हलका थर्माकोल वाऱ्याने मर्यादवेलीत जाऊन अडकतो, तो सुटतो. वेल न उपटता पानं बाजूला करून बघा.

२.५ सेंमीपेक्षा मोठी वस्तूच मोजा. बाटलीचं झाकण जेमतेम बसतं. दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा बहुधा बसत नाही. दिसला तरी सोडा, नाहीतर नजर तेज असलेल्या माणसाचा पट्टा दर वेळी जास्त भरेल. ३० सेंमीपेक्षा मोठ्या वस्तूंची वेगळी नोंद. वस्तू ओळखू आली तर तिच्या नावाने, नाहीतर 'तुकडा' म्हणून: कडक, पातळ की फोम. प्लास्टिकचे स्ट्रॉ, इअरबडच्या प्लास्टिक काड्या यांना स्वतंत्र रकाने द्या. १ जुलै २०२२ पासून त्यांवर देशभर बंदी आहे, आणि ती आपल्या गावात कितपत पाळली जाते हे या रकान्यांतून दिसतं. एकाने मोठ्याने सांगायचं, दुसऱ्याने लिहायचं.

या प्रकारात मोजलेला कचरा जागीच ठेवायचा असतो. सफाई त्या १०० मीटरच्या बाहेर करा. हे जमणार नसेल तर दुसरा प्रकार घ्या: सगळे १०० मीटर आधी साफ करा, २८ दिवसांनी तिथे आलेलं सगळं मोजून उचला. त्यातून कचरा साचण्याचा वेग मिळतो. दोन्ही प्रकार एकाच जागी मिसळू नका.

हिशेब: वस्तूंची संख्या भागिले पट्ट्याचं क्षेत्रफळ (लांबी गुणिले रुंदी). ५ मीटर रुंद, ४० मीटर लांब पट्ट्यात ३० वस्तू म्हणजे २०० चौरस मीटरला ३०, अर्थात चौरस मीटरला ०.१५. चारही पट्ट्यांचा हिशेब वेगवेगळा करून मग सरासरी काढा.

उचलताना. वाळूत रुतलेलं जाळं ट्रॅक्टरने ओढू नका. ते तुटतं आणि अर्धं आतच राहतं. कडेने वाळू उकरा, सुरीने कापत तुकड्यांनी काढा. नोव्हेंबरपासून कासवांची अंडी घालण्याची वेळ असते, तेव्हा भरतीच्या रेषेच्या वर फावडं चालवण्याआधी गावच्या कासवमित्रांना विचारा. जाळ्यात जिवंत कासव सापडलं तर वनविभागाला १९२६ वर कळवा. बंद पिंप दिसलं तर उघडू नका, तटरक्षक दलाला १५५४ वर फोन करा. सुया कडक डब्यातच टाका, गोणीत नाही.

वजन करायचंच असेल तर जाळी आणि दोर सुकवून, वाळू झटकून करा.

भंगारवाला बाटल्या आणि कडक प्लास्टिक नेतो. थर्माकोल आणि सडकं जाळं तो सहसा घेत नाही, आणि नेमकं तेच किनाऱ्यावर पेटवलं जातं किंवा खाडीत जातं. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम २०१६ प्रमाणे गावातल्या प्लास्टिकची जबाबदारी ग्रामपंचायतीवर आहे. गाडी कधी येणार आणि गोण्या कुठे उतरणार, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचा ग्रामसेवक) आधी लेखी घ्या. ते मिळेपर्यंत नुसती मोजणी करा, उचलायची तारीख ठरवू नका.