टॉमकॅट चालवताय? फोल्डरांच्या या चुका टाळा

टॉमकॅट म्हणजे जावात लिहिलेली वेब ॲप्स चालवणारा सर्व्हर. त्याची झिप उघडायची, वॉर फाइल (ॲपचं बांधलेलं गाठोडं) वेबॲप्स फोल्डरात टाकायची, ८०८० पोर्टवर पान दिसलं की झालं. इथपर्यंत सगळ्यांचंच जमतं. पुढे जे बिघडतं त्याचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. कुठलं फोल्डर सर्व्हरचं, कुठलं ॲपचं आणि कुठलं आपल्या डेटाचं, याची वाटणी कुणी केलेलीच नसते.

अपलोड केलेल्या फाइली ॲपच्या पोटात ठेवणं

ही चूक मी स्वतः केली आहे. ॲपमध्ये लोक पीडीएफ चढवायचे आणि त्या आम्ही ॲपच्याच फोल्डरात 'अपलोड्स' नावाच्या उपफोल्डरात साठवायचो. गेटरिअलपाथ या जावाच्या फंक्शनला विचारलं की रस्ता मिळतो, मग कोण डोकं चालवणार? बरेच महिने काही झालं नाही, कारण किरकोळ दुरुस्त्या आम्ही एकेक क्लास फाइल बदलून भागवत होतो (हीसुद्धा वाईटच सवय). मग एकदा रीतसर नवी वॉर चढवली आणि अपलोड्स फोल्डर रिकामं!

टॉमकॅटचं काही चुकलं नव्हतं. ऑटोडिप्लॉय (नवी वॉर आपोआप चढवायची सोय) चालू असताना नवी वॉर दिसली की तो आधीचं उलगडलेलं फोल्डर पुसून नव्याने उलगडतो. ते फोल्डर म्हणजे वॉरची नुसती प्रत, तिथे आपलं काही ठेवायचं नसतं. अपलोडसाठी टॉमकॅटच्या बाहेर वेगळी जागा ठरवा आणि तिचा रस्ता कॉन्फिगमधून द्या.

यात सुरक्षेचंही एक भगदाड आहे. अपलोड्स फोल्डर ॲपच्या आत असेल आणि कुणी पीडीएफऐवजी जेएसपी फाइल (आत जावाचा कोड असलेलं पान) चढवली, तर तिची यूआरएल ब्राउझरमध्ये टाकताच टॉमकॅट ती इमानेइतबारे कंपाइल करून चालवतो. म्हणजे आपल्या सर्व्हरवर परक्याचा कोड. फाइलचा प्रकार तपासणं हवंच, पण जागा बदलली की हा रस्ताच बंद होतो.

वेब-आयएनएफच्या बाहेर पासवर्ड

वेब-आयएनएफ आणि मेटा-आयएनएफ या दोन फोल्डरांतलं काहीही टॉमकॅट थेट यूआरएलवर देत नाही. त्यांच्या शेजारी, ॲपच्या मुळाशी ठेवलेलं मात्र सगळं उघडं असतं. डेटाबेसच्या पासवर्डची प्रॉपर्टीज फाइल इंडेक्स.जेएसपीच्या शेजारी ठेवली असेल, तर नाव ओळखणारा कुणीही ती उतरवून घेईल.

बॅकअपची गंमत तर अनेकांच्या लक्षातच येत नाही. सर्व्हरवरच लॉगिन.जेएसपी बदलायची म्हणून घाईत आधी तिची लॉगिन.जेएसपी.बॅक अशी प्रत काढली. आता नावाच्या शेवटी जेएसपी नाही, म्हणून ती जेएसपी इंजिनकडे जात नाही. डीफॉल्ट सर्व्हलेट (साध्या फाइली देणारा टॉमकॅटचा भाग) ती साधी फाइल समजून जशीच्या तशी पाठवतो आणि तुमचा सोर्स कोड समोरच्याच्या स्क्रीनवर!

टॉमकॅटपुढे एन्जिन-एक्स हा दुसरा वेब सर्व्हर लावून चित्रं आणि सीएसएस त्याच्याकडूनच द्यायची, हा चांगला बेत. पण त्याचं मूळ फोल्डर म्हणून ॲपचंच फोल्डर दिलं तर घात होतो. वेब-आयएनएफ म्हणजे काय हे टॉमकॅटला कळतं, एन्जिन-एक्सला नाही. तो तिथली वेब.एक्सएमएल ही ॲपच्या सेटिंगची फाइलसुद्धा बिनदिक्कत वाढून देईल. स्थिर फाइली वेगळ्या फोल्डरात काढा.

८००९ उघडा ठेवणं

वेब-आयएनएफची भिंत दुसऱ्या दारानेही फुटली होती. २०२० मध्ये 'घोस्टकॅट' नावाचं टॉमकॅटमधलं भगदाड (सीव्हीई-२०२०-१९३८) उघडकीला आलं. एजेपी कनेक्टर (पुढचा वेब सर्व्हर ज्या दाराने टॉमकॅटशी बोलतो ते) ८००९ पोर्टवर सगळ्या पत्त्यांवर ऐकत असायचा, आणि तिथे पोचणाऱ्याला वेब-आयएनएफमधल्या फाइलीही वाचता यायच्या. ९.०.३१, ८.५.५१ आणि ७.०.१०० या आवृत्त्यांत हे बुजवलं, आणि तेव्हापासून सर्व्हरच्या सेटिंगच्या मूळ सर्व्हर.एक्सएमएलमध्ये तो कनेक्टर कॉमेंट केलेला, म्हणजे बंद असतो. पण अपग्रेड करताना लोक जुनी सर्व्हर.एक्सएमएल उचलून नव्यात टाकतात आणि कनेक्टर परत जिवंत होतो. एजेपी वापरत नसाल तर ओळ काढून टाका. वापरत असाल तर पत्ता लोकलहोस्टपुरता (त्याच मशीनपुरता) ठेवा आणि सीक्रेट, म्हणजे गुप्त शब्द द्या.

मॅनेजरचा ४०३ घालवायची घाई

दुसऱ्या मशीनवरून मॅनेजर (ॲप्स चढवायचं-काढायचं टॉमकॅटचं वेब ॲप) उघडला की ४०३, म्हणजे 'परवानगी नाही' असं पान येतं. त्या पानावर टॉमकॅट-युजर्स.एक्सएमएलमध्ये काय लिहायचं याचा नमुना असतो आणि तोच कॉपी केला जातो. युजर 'टॉमकॅट' आणि पासवर्ड इंग्रजी 'सीक्रेट', फक्त पहिल्या ई-च्या जागी ३. हल्लेखोराच्या यादीत ही जोडी असतेच. तरीही ४०३ जात नाही, कारण मॅनेजरच्या कॉन्टेक्स्ट.एक्सएमएलमधला पत्ता तपासणारा व्हॉल्व्ह फक्त त्याच मशीनवरून आलेल्यांना आत सोडतो. मग तोही कॉमेंट केला जातो. ज्याला मॅनेजरमध्ये शिरता येतं त्याला वॉर चढवता येते, म्हणजे सर्व्हरच त्याचा. व्हॉल्व्ह तसाच ठेवा, एसएसएच टनेलने (सुरक्षित जोडणीतून) आत या. मॅनेजर लागतच नसेल तर फोल्डर उडवा. एक्झाम्पल्स, डॉक्स आणि होस्ट-मॅनेजरही.

रूटने 'एकदाच' सुरू करणं

सेवा सुरू होईना म्हणून कुणीतरी सुडो लावून, म्हणजे रूट या सर्वाधिकारी युजरच्या नावाने, स्टार्टअप स्क्रिप्ट चालवते. तेव्हा सगळं चालतं. पण तेवढ्यात लॉग्ज आणि वर्कमध्ये रूटच्या मालकीच्या फाइली तयार झालेल्या असतात, आणि पुढच्या रीस्टार्टला टॉमकॅट युजर 'परमिशन डिनाइड' म्हणत अडतो. मालकी परत बदला आणि वर्क रिकामं करा. त्यात कंपाइल झालेल्या जेएसपी असतात, त्या पुन्हा बनतात. टेम्पमधला कचरा काढायला हरकत नाही, पण टेम्प फोल्डरच उडवलं तर अपलोड फेल होऊ लागतात.

मालकीचा नियम सोपा आहे. बिन, कॉन्फ, लिब रूटच्या मालकीचे, टॉमकॅटच्या ग्रुपला फक्त वाचायची परवानगी, बाकीच्यांना काहीच नाही. टॉमकॅट युजरला लिहिता यावं ते लॉग्ज, टेम्प आणि वर्कमध्ये. ८० पोर्ट हवा म्हणून रूटने चालवू नका, पुढे एन्जिन-एक्ससारखा प्रॉक्सी ठेवा.

चुकीचा लॉग वाचणं

ॲप सुरू होत नाही, कॅटालिना.आउट या मुख्य लॉगमध्ये एवढंच दिसतं की एक किंवा अधिक लिसनर सुरू झाले नाहीत, तपशील कंटेनरच्या लॉगमध्ये पाहा. लोक इथेच थांबतात आणि अंदाज बांधतात. खरी चूक (एक्सेप्शन) लॉग्ज फोल्डरातच शेजारी, लोकलहोस्ट आणि तारीख अशा नावाच्या फाइलमध्ये असते. आधी ती उघडा.

लॉग स्वच्छ, ॲप सुरू झालेलं, तरी सगळीकडे ४०४? आवृत्ती पाहा. टॉमकॅट १० पासून पॅकेजचं नाव जावाएक्सऐवजी जकार्ता झालं. जुन्या सर्व्हलेटवरची (विनंत्यांना उत्तर देणाऱ्या जावा क्लासवरची) ॲनोटेशन्स, म्हणजे कोडातल्या खुणा, नव्या सर्व्हरला ओळखूच येत नाहीत. टॉमकॅट १० मध्ये अशी वॉर वेबॲप्स-जावाईई नावाचं फोल्डर करून त्यात टाकली, तर तो स्वतःच ती बदलून घेतो. तात्पुरती सोय म्हणून ठीक. सर्व्हलेट एपीआयची जार मात्र ॲपच्या लिबमध्ये घालू नका, ती सर्व्हरकडे असतेच. मेव्हन या बिल्ड साधनात स्कोप 'प्रोव्हाइडेड' करा.

जाता जाता, शटडाउनचा ८००५ पोर्ट. त्याच मशीनवरच्या कुणालाही तिथे एक शब्द पाठवून सर्व्हर बंद करता येतो. पोर्टच्या जागी -१ लिहिलं की तो बंद होतो, पण मग नेहमीची शटडाउन स्क्रिप्टही चालत नाही. लिनक्सच्या सिस्टमडीने सेवा चालवत असाल तर थांबवायचं काम त्याच्यावरच सोपवा.