वाईनची बाटली फोडायच्या आधी काय काय तयार ठेवायचं

शनिवारी रात्री मटण आणि वाईन असा बेत असेल तर तयारी आदल्या दिवशीच करून ठेवा, कारण एकदा तांबडा रस्सा ताटात आला की बुचाकडं कोण बघत नाही. आमच्यात पिणारे आम्ही दोघंच, बाटली ७५० मिलीची, म्हणजे १५० मिलीचे पाच ग्लास, त्यातले दोन फारतर तीन संपतात आणि उरलेली ओट्यावर तशीच. गेल्या मे महिन्यात नणंदेनं नाशिकहून आणलेली शिराज (रेड वाईन) मी बूच नुसतं टेकवून फ्रीजच्या डोक्यावर ठेवली, चौथ्या दिवशी हुंगली तर चक्क व्हिनेगर. फ्रीजच्या डोक्यावर ऊब असते हे तेव्हा डोक्यात आलं नाही, आणि ते बी कोल्हापूरच्या मे महिन्यात!

तर उरणारी वाईन टिकवायला सगळ्यात आधी एक रिकामी हाफ शोधा. रमची, व्हिस्कीची कुठलीही चालेल, फक्त काचेची पाहिजे. हाफ ३७५ मिलीची, म्हणजे ७५० मिलीच्या खंब्याच्या बरोबर निम्मी, हा हिशोब आपल्याकडं कुणाला शिकवायला लागत नाही. गरम पाण्यानं दोन-तीनदा खळखळून धुवा आणि झाकण वेगळं काढून खायच्या सोड्याच्या पाण्यात रात्रभर टाका, कारण आतल्या चकतीत रमचा वास जो बसतो तो सहज जात नाही (आमची पहिली शेनिन ब्लांक, व्हाईट वाईन, अशीच रममय झालेली, नवऱ्याला आवडली ती गोष्ट वेगळी). मग उलटी ठेवून पूर्ण वाळवायची.

आता खरी गोष्ट. ही हाफ जेवण झाल्यावर भरायची नाही, बाटली फोडली की पहिला ग्लास ओतायच्याही आधी भरायची, नरसाळं जरा तिरकं धरून, काचेच्या कडेनं हळू, बुडबुडे न काढता, अगदी गळ्यापर्यंत, आणि लगेच झाकण घट्ट. वाईन बिघडते ती हवेनं. ऑक्सिजननं आधी फळाचा वास मरतो, कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास यायला लागतो, मग अल्कोहोलचं आम्ल करणारे जिवाणू कामाला लागतात, त्यांना पण हवाच लागते. हाफमध्ये हवेला जागाच नाही, त्यामुळं आमच्याकडं आठवडा आरामात निघतो. मोठ्या बाटलीत निम्मी ठेवली तर फ्रीजमध्ये सुद्धा तीन ते पाच दिवस धरा, त्यापुढं नशीब.

फ्रीजमध्ये जागा आधीच करून ठेवा, दारात नको, तिथं उघडझाप होऊन सारखं गरम-गार होतं, आत मागच्या बाजूला आणि उभी, आडवी केली की हवेला लागणारा पृष्ठभाग वाढतो. रेड पण फ्रीजमध्येच बरं का, प्यायच्या अर्धा तास आधी बाहेर काढायची. कागदी टेप आणि मार्कर जवळ ठेवा, तारीख लिहा, नाहीतर "परवाच तर फोडली" म्हणून आठवडा होतो.

बूच फेकू नका, आतलं रंगलेलं टोकच परत आत घाला, बाहेरचं टोक धुळीचं असतं. फिरकीचं झाकण असेल तर प्रश्नच मिटला. स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची वाईन असेल तर मात्र क्लिपवालं स्टॉपर आधीच आणून ठेवा, तिला हाफ चालत नाही, ओतताना गॅस जातो आणि रम-व्हिस्कीच्या बाटल्या दाबासाठी केलेल्या नसतात. बाटलीतली हवा ओढणारा व्हॅक्युम पंप पण तिला लावायचा नाही, आहे तो गॅस ओढून काढेल. बाटलीत चमचा उलटा लटकवायचा उपाय निव्वळ थाप आहे.

आणि बर्फाचा एक ट्रे रिकामा ठेवा. तळाशी उरलेली घोट-दोन घोट, अजून आंबली नसेल तर, त्यात ओतून फ्रीझरमध्ये, दगडासारखी होत नाही पण निघते, मटणाचं सुकं करताना एक खडा टाकायचा. पांढऱ्या रश्श्यात मात्र टाकू नका, सासूबाईंना पहिल्याच घोटात कळलं होतं.