बॉल पायथनच्या पेटीतली आर्द्रता: या चुका टाळा

टोरांटोतल्या पहिल्याच हिवाळ्यात आमच्या बॉल पायथनची, म्हणजे पेटीत पाळलेल्या आफ्रिकी अजगराची, कात तुकड्यातुकड्यांनी निघाली. एरवी ती पायातून मोजा उलटा काढावा तशी अखंड निघायला हवी. इथे पाठीवर कागदासारखे पापुद्रे चिकटलेले आणि शेपटीच्या टोकाला जुन्या कातीचं कडं. हे कडं दर खेपेला आवळत जातं, रक्त पोचत नाही आणि टोक वाळून गळूही शकतं. पेटीवरचा आर्द्रतेचा काटा मात्र ६० टक्के दाखवत होता.

त्या काट्यावर विसंबणं ही पहिली चूक. काचेला चिकटवायचे काट्याचे हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायची यंत्रं) भरवशाचे नसतात. शिवाय ते लावले जातात वर, आणि साप असतो तळाशी. प्रोबवाले, म्हणजे वायरच्या टोकाला संवेदक असलेले, दोन डिजिटल घ्या, एक गरम बाजूला, एक थंड बाजूला, दोन्ही सापाच्या उंचीवर. ते बरोबर आहेत का हे घरच्या मिठाने तपासता येतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला आणि हायग्रोमीटरसकट झिपच्या पिशवीत बंद करा. दहा-बारा तासांनी आकडा ७५च्या जवळ हवा. आमचा काटा रात्रभरात ६०वरून हललाच नाही.

घर तापवलं की हवा किती कोरडी होते, याचाही अंदाज आपल्याला नसतो. बाहेरची ० अंशाची हवा बाष्पाने पूर्ण भरलेली असली, तरी ती घरात २१ अंशांवर आली की सापेक्ष आर्द्रता २५ टक्क्यांच्या आसपास उरते. बाष्प तेवढंच, पण गरम हवेत त्याहून कितीतरी जास्त मावतं. त्यात वर जाळीचं झाकण आणि उबेचा दिवा असला की उरलीसुरली ओलही वर निघून जाते. दिव्याची जागा आणि हवेपुरता थोडा भाग सोडून बाकीची जाळी ॲल्युमिनियम फॉइलने झाका.

आकडा पडला की फवारा मारायचा, हीच चूक सगळ्यात जास्त होते. मीही आठवडेच्या आठवडे हेच केलं. आकडा ९०वर उडी मारतो, दोन तासांत पुन्हा खाली, आणि ओला राहतो तो नेमका वरचा थर, ज्यावर सापाचं पोट टेकलेलं असतं. सतत ओल्यावर पडून राहिला की पोटाचे खवले लालसर-तपकिरी होतात, फोड येतात. पाणी खाली मुरायला हवं. नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि भुसा मिसळून ८-१० सेंटिमीटरचा थर करा आणि कोपऱ्यांतून पाणी ओता, कुंडीला घालतो तसं. वरचा थर हाताला कोरडा लागला पाहिजे. वर्तमानपत्र ओल धरत नाही, ॲस्पेन झाडाच्या लाकडाच्या भुशाला बुरशी येते.

बॉल पायथन मूळचा घाना, टोगो, बेनिनकडचा. दिवसा तो उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत दडतो, बाहेरच्या हवेपेक्षा दमट जागी. म्हणून एकच गोष्ट करायची असेल तर लपायच्या डब्यात पिळून घेतलेलं स्फॅग्नम मॉस (ओल धरून ठेवणारं शेवाळ) ठेवा. पेटीत ६० ते ७० टक्के पुरे, कात टाकण्याआधी डोळे दुधाळ झाले की थोडं जास्त.

मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात प्रश्न उलटा असतो, तिथे हवा खेळती ठेवायला लागते. (भारतात देशी साप पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि बॉल पायथनसारख्या परदेशी सापांची नोंदणी करावी लागते.) ओल आणि गारवा एकत्र आले की छातीचा संसर्ग होतो. नाकपुडीत बुडबुडे, तोंड उघडं ठेवून श्वास, शिट्टीसारखा आवाज दिसला तर घरी प्रयोग करू नका, सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्या.

अडकलेली कात ओढू नका. हवेची भोकं असलेल्या डब्यात कोमट ओला टॉवेल ठेवून सापाला अर्धा तास त्यातून फिरू द्या. डोळ्यावरच्या पापुद्र्याला चिमटा कधीच लावू नका, आर्द्रता सुधारली की तो बहुधा पुढच्या कातीबरोबर निघतो. पण निघालेली कात लगेच टाकूनही देऊ नका. डोक्याचा भाग खिडकीच्या उजेडात धरा, डोळ्यांच्या जागी दोन गोल चकत्या शाबूत दिसल्या पाहिजेत.