बाळाच्या पाठीवरचं छिद्र: या चुका टाळा

बाळाला मालिश करताना कमरेवर, अगदी मणक्याच्या रेषेत, टाचणीच्या टोकाएवढं छिद्र दिसतं. कधी त्यातून एक-दोन केस डोकावत असतात, कधी भोवतालची कातडी लालसर असते. ‘जन्मखूण आहे, जाईल’ असं कुणीतरी म्हणतं आणि विषय तिथेच मिटतो. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

गर्भाच्या तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात कातडी आणि मज्जासंस्था एकमेकींपासून सुट्या होतात. एखाद्या जागी हे नीट झालं नाही, तर कातडीतून आत जाणारी बारीक नळी राहून जाते. तिला डर्मल सायनस म्हणतात. साधारण 2,500 बाळांमागे एकाला ती असते, बहुतेकदा कमरेच्या भागात, काहींना डोक्याच्या मागे. नळी मज्जारज्जूपर्यंत पोचलेली असेल तर कातडीवरचे आणि शीमधले जंतू त्याच वाटेने आत शिरतात. मग मेंदूज्वर होतो, किंवा थेट मज्जारज्जूत पू होतो.

उलट टोकाची चूकही होते. ढुंगणाच्या फटीतली प्रत्येक खळी धोक्याची नसते. गुदद्वारापासून अडीच सेंटीमीटरच्या आत, मधोमध, 5 मिलिमीटरपेक्षा लहान, तळ दिसणारी आणि भोवती बाकी काही नसलेली खळी बऱ्याच बाळांना असते. तिच्यासाठी झोप उडवू नका. त्याहून वर असलेलं छिद्र, केसांचा पुंजका, मऊ गाठ, लाल डाग किंवा पाझर यांपैकी काहीही असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा.

छिद्र दाबू नका, त्यात काडी किंवा कापसाचा बोळा घालू नका, तेल-हळद भरू नका. डॉक्टरांनीही त्यात सळई घालून खोली मोजायची नसते. पू आला, औषधाने सुकला, म्हणून बरं झालं असंही धरू नका. नळी आत तशीच असते.

तापाबरोबर बाळ एक पाय कमी हलवू लागलं, लंगोट बदलताना पाय उचलले की कळवळून रडू लागलं, बराच वेळ शू झाली नाही, पोट फुगलं, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. मज्जारज्जूतल्या पूसाठी तास मोलाचे असतात. पाठीतून पाणी काढायची तपासणी ठरली, तर सुई घालण्याआधी त्या छिद्राबद्दल डॉक्टरांना स्वतःहून सांगा. मेंदूज्वर पुन्हा झाला असेल, तर ‘पाठ आणि डोक्याची मागची बाजू नीट बघाल का?’ असं विचारायला अजिबात संकोचू नका.

पहिल्या तीनेक महिन्यांत पाठीची सोनोग्राफी उपयोगी पडते. पुढे मणक्याचं हाड घट्ट होत जातं आणि एमआरआयच लागतो. छिद्र स्पष्ट संशयास्पद असेल, तर सोनोग्राफी नॉर्मल आली तरी एमआरआयबद्दल विचारा. शस्त्रक्रियाही न्यूरोसर्जनकडूनच करून घ्या. नुसतं वरचं तोंड शिवलं तर आतली नळी आणि तिच्या टोकाशी कधी कधी असणारी डर्मॉइड गाठ (आत अडकलेल्या कातडीच्या पेशींची गाठ) मागे राहते. नळी मुळापर्यंत काढावी लागते, आणि हे जंतुसंसर्ग होण्याआधी झालं तर पाय आणि लघवीवरचा ताबा शाबूत राहण्याची शक्यता कितीतरी जास्त असते.