पिकनिक कूलरचा मॅश टन: गळती आतूनच थांबवा

मॅश टन म्हणजे बिअरसाठी माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, गरम पाण्यात भिजत ठेवायचं भांडं. त्या मिश्रणाला मॅश म्हणतात, आणि त्यातलं गोड पाणी तोटीतून गाळून काढायचं असतं. इथे ते भांडं पिकनिक कूलरपासून बनवायचं आहे. पण आधी एक गोष्ट स्पष्ट असू द्या. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा ठिकाणी स्वतःपुरती बिअर घरी बनवायला मुभा आहे. हा लेख तिथल्या मराठी मंडळींसाठी आहे, म्हणून मापंही तिथल्या दुकानात मिळतात तशीच दिली आहेत.

कूलर गोल घ्या, तोटीवाला, १० अमेरिकी गॅलनचा, म्हणजे ३८ लिटरचा. ५ गॅलनचा घेऊन भागेल असं सांगणाऱ्यांनी हिशेब केलेला नसतो. ५ किलो भरडलेला माल्ट आणि त्याला किलोमागे ३ लिटर म्हणजे १५ लिटर पाणी. माल्ट स्वतः किलोमागे सुमारे पाऊण लिटरपेक्षा थोडी कमी जागा खातो. बेरीज साडेअठरा लिटरच्या आसपास जाते आणि १९ लिटरच्या डब्यात ढवळायलाही जागा उरत नाही.

बाकीचं सामान: अर्ध्या इंची स्टेनलेस बॉल व्हॉल्व्ह, त्याच मापाचा स्टेनलेस निपल (दोन्ही टोकांना आटे असलेला आखूड पाइप), ओ-रिंगसाठी खाच असलेला नट, जाड सिलिकॉन ओ-रिंग (पाणी अडवणारं गोल कडं), तीन-चार स्टेनलेस वॉशर, होज बार्ब (नळी चढवायचं खाचांचं टोक), तो निपलला जोडायला कपलिंग, टेफ्लॉन टेप, दोन होज क्लिपा आणि सिंकखाली लावतात ती स्टीलच्या जाळीची पाण्याची नळी. गॅल्व्हनाइज्ड काहीही नको. मॅश आम्लधर्मी असतो, त्याचा पीएच ५.२ ते ५.५ च्या आसपास, आणि त्यात जस्त विरघळतं.

मूळची तोटी काढा. भोकाच्या कडेला साच्यात राहून गेलेला प्लास्टिकचा काठ असेल तर धारदार चाकूने सपाट करा.

आता खरी कसोटी, व्हॉल्व्ह बसवणं. बहुतेक कूलर इथेच वाया जातात. कूलरची भिंत एक नसते. आतलं प्लास्टिक, बाहेरचं प्लास्टिक आणि मध्ये फोम असतो. पाणी आतल्या भोकाच्या कडेने शिरलं तर आधी फोममध्ये मुरतं, बाहेर थेंबही दिसत नाही. ते गोड पाणी तिथेच आंबतं, कूलरला वास सुटतो आणि तो जात नाही. म्हणून पाणी अडवायचं ते आतल्या भिंतीवर. दोन्ही बाजूंना ओ-रिंग घाला हा सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो चुकीचा आहे. बाहेरची रिंग गळती थांबवत नाही, लपवते. बाहेर नुसते वॉशर ठेवा. आतली रिंग फसली तर पाणी बाहेर टपकू द्या, म्हणजे कळेल तरी.

क्रम असा: व्हॉल्व्हमध्ये निपल, त्यावर वॉशर, मग भिंत, आत ओ-रिंग, खाचेचा नट आणि शेवटी कपलिंग. साध्या चपट्या वॉशरखाली ओ-रिंग ठेवली तर आवळताना ती बाहेरच्या बाजूला निसटते. खाचेत ती अडकून राहते आणि भिंत व निपल दोन्हींना दाबून बसते. रिंग बारीकही नको. गोल कूलरची आतली भिंत वळलेली असते, त्यामुळे नट दोन कडांना टेकतो आणि वर-खाली फट राहते. ती भरून काढायला ४-५ मि.मी. जाडीची मऊ रिंग लागते.

निपलवर टेफ्लॉन टेपचे पाच वेढे द्या, आटे ज्या दिशेने आवळतात त्याच दिशेने, आणि रिंग जिथे बसणार तिथवर. रिंगखालचे आटे उघडे राहिले तर पाणी आट्यांच्या खाचेतून गोल गोल फिरत फोमपर्यंत पोचतं. रिंग शाबूत असून गळतंय, अशी तक्रार असते तेव्हा कारण बहुधा हेच.

निपल किती लांब? भिंतीची जाडी मोजा, नट आणि वॉशरची जाडी मिळवा आणि आटे बसायला दोन्ही टोकांना १३ मि.मी. धरा. निपल लांब निघाला तर आटे संपतात, नट अडतो, पण भिंत अजून सैलच. अशा वेळी पान्याने जोर काढू नका, बाहेर एखादा वॉशर वाढवा.

आवळताना आतला नट पान्याने स्थिर धरा आणि व्हॉल्व्ह फिरवा, नाहीतर रिंग पिळवटते. हाताने घट्ट, वर पाव फेरा, बस. प्लास्टिक गरम झालं की मऊ पडतं. जास्त आवळलेली भिंत आत दबते आणि गार झाल्यावर फट राहते. सिलिकॉन सीलंटची नळी तर दुकानातच ठेवा. कूलरच्या पॉलिइथिलीनला ते धड चिकटत नाही.

तपासणी गार पाण्याने करू नका. ७५ अंश सेल्सिअसचं पाणी अर्ध्याहून वर भरा, बाहेरच्या वॉशरखाली कोरडा टिश्यू ठेवा आणि तासभर थांबा. मग रिकामा करून कूलर हलवा. टिश्यू ओला झाला किंवा भिंतीत खळखळ आली तर सगळं खोलून फोम वाळू द्या आणि पुन्हा बसवा. टिश्यू कोरडा आणि खळखळ नाही, तर नटाला पुन्हा हात लावू नका.

गाळणी सोपी आहे. स्टीलच्या जाळीच्या नळीची दोन्ही टोकं हॅकसॉने कापा, आतली प्लास्टिकची नळी ओढून काढा, जाळीचं एक टोक तीनदा दुमडून चेपा, दुसरं बार्बवर चढवून क्लिप लावा. जाळी खरी स्टीलची आहे ना ते बघा, हल्ली रंगवलेलं प्लास्टिकही मिळतं. जाळी चेपू नये म्हणून आत स्टीलच्या तारेचं वेटोळं घाला.

व्हॉल्व्ह तळापासून थोडा वर असतो, त्यामुळे काही पाणी मागे उरतं. ते एकदा मोजून लिहून ठेवा.

पहिल्या मॅशआधी कूलर दहा मिनिटं कडक पाण्याने तापवा. ५ किलो माल्ट २० अंशांवर असेल आणि ६७ अंश हवे असतील तर १५ लिटर आधण ७३.५ अंशांवर घाला. तासाभरात एक-दोन अंश उतरले तर ठीक. याहून जास्त उतरत असेल तर झाकण पोकळ आहे का बघा, असेल तर त्यात फोम भरा.

मॅशमधलं गोड पाणी काढताना पहिले ३ लिटर गढूळ येतात, ते हळूच परत वर ओता. व्हॉल्व्ह पाव उघडा. एकदम पूर्ण उघडला तर चोथा खाली दबतो आणि धार बंद पडते. गव्हाचा माल्ट जास्त असेल तर आधीच भाताची तुसं मिसळा. धार अडलीच तर व्हॉल्व्ह बंद करा, सगळं ढवळा, दहा मिनिटं बसू द्या आणि पुन्हा पाव उघडा.