पुढची तारीख घेतल्याशिवाय दवाखान्यातून निघू नका

माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या लोखंडी पेटीत, लग्नातल्या शालूखाली, सोनोग्राफीची एक चिठ्ठी सात महिने पडून होती. डाव्या छातीत गाठ लागतेय, हे डॉक्टरांनी हाताने तपासून सांगितलं होतं, चिठ्ठीही दिली होती. मग भुईमूग काढणीला आला, मग नणंदेचं बाळंतपण. गाठ दुखत नव्हती, म्हणून घाई कुणालाच वाटली नाही. मी गावची आशा, आणि हे माझ्याच घरात झालं. त्यानंतर मी बायकांना स्तनाच्या कॅन्सरच्या तपासणीला नेते ती एका अटीवर: पुढची तारीख हातात पडल्याशिवाय दवाखान्याचं फाटक ओलांडायचं नाही.

जायचं कुणी? तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीने. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांची पाच वर्षांतून एकदा हाताने तपासणी होते. त्याआधी आशा घरी येऊन सीबॅक नावाचा, तब्येतीच्या प्रश्नांचा फॉर्म भरते. छातीत गाठ आहे का, बोंडातून रक्ताचा डाग येतो का, आकार बदललाय का, हे प्रश्न त्यात असतात. सासू समोर बसलेली असली की सगळ्याजणी 'नाही' म्हणतात. म्हणून मी प्यायला पाणी मागते आणि मागोमाग स्वयंपाकघरात जाऊन तिथे विचारते. तुमच्याकडे आशाताई आल्या तर तुम्हीही त्यांना बाजूला घ्या. आणि गाठ, कातडीला खळी, आत ओढलेलं बोंड, संत्र्याच्या सालीसारखी झालेली कातडी किंवा काखेत गोळा, यातलं काहीही दिसलं तर शिबिराची वाट बघू नका, त्याच आठवड्यात जा. आई-बहिणीला हा आजार झाला असेल तर तेही डॉक्टरांना पहिल्यांदाच सांगा.

नुसत्या हाताने काय कळणार, असं मला पुष्कळजणी विचारतात. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने १९९८ पासून वस्त्यांमधल्या दीड लाखावर बायकांचा वीस वर्षं अभ्यास केला. निम्म्याजणींची छाती प्रशिक्षण दिलेल्या बायका दर दोन वर्षांनी हाताने तपासत. त्यांच्यात आजार लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत तसा फरक दिसला नाही, हेही मी सांगते. पण लवकर सापडलेल्या गाठीचा इलाज सोपा असतो, हे कुठल्याही वयाला खरं आहे.

दिवस निवडताना पाळी सुरू झाल्यापासून सातवा ते दहावा दिवस धरा. तेव्हा छाती मऊ असते, दुखत नाही. पाळी गेलेल्यांना कुठलाही दिवस चालतो. घरी आरशासमोर महिन्याला एकदा बघायचं असेल तर त्यांनी संकष्टी धरावी, म्हणजे विसरत नाही. दवाखान्यात जाताना पुढून हुकांचं पोलकं घाला. आधार, रेशन कार्ड आणि जुने कागद असतील तेवढे सगळे एका पिशवीत घ्या. दुभत्या जनावराची धार कोण काढणार हे आदल्या रात्रीच ठरवा. खूप जणींचं जाणं त्यावरच अडतं.

केसपेपरच्या खिडकीवर रांगेत पुरुष उभे असतात, आणि 'छातीची तपासणी' असं म्हणायला जीभ रेटत नाही. 'एनसीडी तपासणी' (म्हणजे साखर, बीपी, कॅन्सर अशा न लागणाऱ्या आजारांची) एवढंच म्हणा, तिथल्या माणसाला कळतं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरला पैसे लागत नाहीत. आत गेल्यावर सिस्टर आधी तुम्हाला बसवून बघतात, हात कमरेवर, मग डोक्यावर. मग आडवं करून तीन बोटांच्या पेरांनी गळ्याच्या हाडापासून खालपर्यंत आणि काखेत दाबून बघतात. पाच-दहा मिनिटांचं काम. डॉक्टर पुरुष असतील तर सिस्टरना थांबायला सांगा. तो तुमचा हक्क आहे आणि त्यात कुणाला राग येत नाही.

गाठ लागली तर? बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, विशेषतः तरण्या वयात. पण कुठली कसली हे हाताने ठरत नाही. वय कमी असेल तर बहुधा सोनोग्राफी, चाळिशीनंतर मॅमोग्राफी, म्हणजे छातीचा एक्स-रे. तालुक्याला हे यंत्र सहसा नसतं, जिल्ह्याला जावं लागतं. त्या दिवशी काखेत पावडर, अत्तर काही लावू नका, फिल्मवर त्याचे ठिपके उमटतात. यंत्रात छाती दोन पाट्यांमध्ये क्षणभर दाबतात. दुखतं, पण लगेच सुटतं. गळ्यातलं सगळं काढावं लागतं, मंगळसूत्रही. हे तिथे ऐनवेळी कळलं की बाई घाबरते. माझ्याबरोबरची एकजण त्यावरून परत फिरली होती. म्हणून घरातल्या मोठ्या बाईला आधीच सांगून ठेवा आणि मंगळसूत्र बरोबरच्या बाईच्या रुमालात बांधून द्या. दिवस गेलेले असतील किंवा शंका असेल तर ते फोटोआधी सांगा.

रिपोर्टवर बायरॅड्स लिहून पुढे आकडा असतो. १ किंवा २ म्हणजे काळजी नाही. ३ असेल तर सहा महिन्यांनी पुन्हा. ४ किंवा ५ असेल तर सुईने तुकडा काढायला सांगतात. शून्य म्हणजे आजार नाही असं नव्हे, आणखी फोटो हवेत असा त्याचा अर्थ. आमच्याकडे एक काकू शून्य बघून पेढे वाटायला निघाल्या होत्या, मी त्यांना थांबवलं. तुकडा काढल्याने आजार पसरतो ही भीती गावोगाव आहे. पसरत नाही. त्या तुकड्याशिवाय कुठलं औषध लागू पडेल हे डॉक्टरांना कळतच नाही.

उपचार ठरला की मोठ्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी योजनेचे कागद बघणाऱ्या माणसाला शोधा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार बसतात, पण ती योजना लागू असलेल्या रुग्णालयांतच. केमोसाठी, म्हणजे कॅन्सरच्या औषधाच्या डोसांसाठी, आता काही जिल्हा रुग्णालयांत डे-केअर आहे, डोस घेऊन त्याच दिवशी घरी. पहिला डोस मोठ्या ठिकाणी, पुढचे तिथे, असं जमतं का हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत प्रत्येक जिल्हा रुग्णालयात असं केंद्र काढू असं जाहीर झालंय, तेव्हा विचारत राहा. केमो चालू असताना ताप १००.४ वर गेला तर रात्र काढू नका, त्याच वेळी दवाखाना गाठा.

जाऊबाईंचं स्तन काढावं लागलं, केस गेले, ते परत आले. आता रोज एक गोळी चालू आहे. त्यांचे सगळे कागद चेन असलेल्या निळ्या प्लास्टिकच्या पिशवीत असतात आणि ती पिशवी पेटीत नाही, देवघराशेजारच्या खिळ्याला असते. वरच्या कागदावर पुढची तारीख मोठ्या आकड्यात लिहिलेली. तुम्हीही तसंच करा, आणि त्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढून आशाताईंना पाठवा. तारखेच्या आदल्या दिवशी त्या फोन करतील.