कापडी डक्ट धुवायला काढण्याआधी हे करा

कापडी डक्ट म्हणजे छताखाली टांगलेली, भोकांतून हवा सोडणारी कापडी नळी; तिचे तुकडे झिपने जोडलेले असतात. धुळीच्या किंवा दमट हवेच्या कारखान्यात हा डक्ट वारंवार धुवावा लागतो. परत चढवताना कुठला तुकडा कुठे, तेच कळत नाही. सगळे सारखेच दिसतात, पण भोकांची मांडणी वेगळी असते. तुकडे उलटसुलट झाले की हवा माणसांकडे न जाता छताकडे जाते. आमची एक अख्खी दुपार त्यात गेली.

१. ब्लोअर बंद करून डक्ट पूर्ण खाली बसू द्या.
२. झिप उघडण्याआधी जोडाच्या दोन्ही बाजूंना, झिपच्या आतल्या पट्टीवर, पक्क्या शाईच्या मार्करने एकच आकडा लिहा: १-१, २-२. शेजारी हवेच्या दिशेचा बाण काढा. बाण विसरू नकाच. आकडा बरोबर असूनही तुकडा उलटा लागू शकतो.
३. खालून एक फोटो काढा.
४. झिपा बंद करून धुवा, म्हणजे दात कापडात अडकत नाहीत.

चढवताना आकड्याला आकडा जुळवायचा, बस्स.

जपायचं एकच: पाण्याचं तापमान डक्टवरच्या लेबलाप्रमाणेच ठेवा. कापड थोडं जरी आटलं, तरी टांगायचे हुक जागेवर बसत नाहीत.